साकातेकासच्या फेरीचा मार्केस

मी एक जुनं गाढव आहे. जुनं म्हणजे साधंसुधं नव्हे. मेक्सिकोतल्या साकातेकासच्या खाणींतून चांदी वाहून आणणाऱ्या घराण्यातलं. माझ्या पणजीच्या पाठीवर एकदा एवढी चांदी लादली होती, की तिच्या खुरांखाली अख्खी गल्ली खचली. आमच्या गावातल्या सगळ्या गल्ल्या उताराच्या का, असं कोणी विचारलं तर खुशाल माझ्या पणजीचं नाव सांगा.

मित्रांनो, माझ्या वाट्याला मात्र चांदी आली नाही. माझ्या काळापर्यंत खाणी थकल्या होत्या आणि गावात उरल्या होत्या त्या गोष्टी. त्या सांगायचं काम लिब्रादोकडे होतं, आणि मी लिब्रादोकडे. त्यानं माझं नाव मार्केस ठेवलं, म्हणजे सरदार. पाहुणे जमले की तो म्हणायचा, "गावातले बाकीचे सरदार स्पेनला गेले. हा एकटा राहिला, कारण याला कोणी बोटीत घेईना."

तिन्हीसांजेला आमची फेरी निघायची. सगळ्यात पुढे मी, पाठीवर मेस्कालची, म्हणजे घायपातीच्या दारूची, दोन पिंपं. माझी दोरी धरून लिब्रादो. मागे ताचोचा ढोल, दोन तुताऱ्या, आणि लाल फितीनं गळ्यात मातीचे इवलेसे पेले अडकवलेले पाहुणे. गुलाबी दगडांच्या भिंतींमधून ढोल असा घुमायचा, की सज्जातल्या कुंड्यांतली फुलं वेळेआधीच उमलायची. अकरा ठिकाणी मी थांबायचो. मी थांबलो की ढोल थांबायचा, आणि ढोल थांबला की लिब्रादो गोष्ट सांगायचा. काय दिवस होते ते. माझे कान खाजवायला पाहुण्यांची रांग लागायची.

पुढे लिब्रादोची नजर गेली. एकदम नाही. आधी घड्याळाचे काटे गेले, मग पायऱ्या, मग माणसं. हे ठाऊक होतं फक्त मला आणि ताचोला.

"मास्तर, सांगून टाका नगरपालिकेला," ताचो म्हणायचा.

"काय सांगू? गोष्ट काय डोळ्यांनी सांगतात?"

"कोणाच्या लक्षात आलं तर?"

"मार्केस थांबतो तिथं मी बोलतो. तुझ्या ढोलापेक्षा हा तालात आहे."

हसण्यावारी न्यायचा, पण माझी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरायचा. नगरपालिकेनं दिलेला छातीवरचा पितळी बिल्ला काढून घेतला असता, तर फेरी बंद. आणि फेरीवाचून लिब्रादो म्हणजे कातडं नसलेला ढोल. चार वर्षं आम्ही निभावून नेली.

मग नगरपालिकेनं इर्माबाईंना पाठवलं. प्रत्येक फेरीबरोबर चालायचं, पारखायचं, आणि नालायक ठरेल त्याचा बिल्ला काढून घ्यायचा. बाई वही घेऊन आमच्याबरोबर निघाल्या. चार ठिकाणं झोकात पार पडली. पाचवं ठिकाण चांदीवाल्या शेठची दगडी कमान. तिच्या अलीकडे चोनाबाईचं टॉर्टियाचं, म्हणजे मक्याच्या भाकरीचं, दुकान. त्या दिवशी चोनाबाईचा पहिला घाणा करपला होता, आणि करपलेल्या टॉर्टियांची टोपली तिनं दाराबाहेर ठेवली होती. मित्रांनो, मी गाढव आहे. मी थांबलो.

ढोल थांबला. लिब्रादोनं रुबाबात हात उंचावला. "पाहुणे हो, ही बघा ती कमान. लेकीच्या लग्नात शेठनं उंबरठ्यावर चांदी ओतली ती इथंच. त्या सिंहाच्या तोंडाकडे बघा, अजून चमक गेली नाही."

बोटासमोर चोनाबाई उभी होती, कोपरापर्यंत पीठ माखलेली.

"लिब्रादोभाऊ, सिंह म्हणालास ते चालेल, माझा नवरा याहून वाईट म्हणतो. पण चमक चुलीची आहे."

पाहुणे हसले. इर्माबाई हसल्या नाहीत. एव्हाना करपलेल्या टॉर्टियांचा वास लिब्रादोपर्यंत पोचला होता. थट्टेवर नेऊन तो सुटला असता. याहून मोठ्या फजितीतून सुटलेला माणूस तो. पण त्यानं टोपी काढली.

"बाई, मला दिसत नाही. चार वर्षं झाली. हा थांबतो, मी बोलतो. आज याला भूक लागली."

इर्माबाईंनी वही मिटली. "अजून किती ठिकाणं राहिलीत?"

"सात."

"मग चला. फेरी अर्धी टाकू नये."

भरली टोपली सोडून मी निघालो. माझ्या पणजीनं वाहिलेली चांदी त्या पावलाहून हलकी असेल. उरलेल्या सातही ठिकाणी माझा खूर इंचभरही चुकला नाही.

शेवटच्या गोष्टीनंतर बाई म्हणाल्या, "काका, वाट दाखवणाऱ्याला दिसायला हवं, हा नियम मी मोडणार नाही. बिल्ला ताचोच्या नावावर जाईल. त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि गोष्टी तुम्हीच सांगा. मनाला येईल तिथं थांबणारं जनावर मात्र पुढे नको."

लिब्रादोच्या गोष्टी वाचल्या. नोकरी गेली ती माझी, आणि चूकही माझीच. तक्रार कोणाकडे करू?

आता मी सगळ्यात मागे असतो, पाठीवर एकच पिंप. कान खाजवायला कोणी येत नाही. ताचो भरभर चालतो, माझे गुडघे चालू देत नाहीत. ढोल वळणाआड जातो. तिथं पोचेस्तोवर वाटतं, संपली असेल गोष्ट. पण जाऊन बघावं तर ढोल गप्प, पाहुणे खोळंबलेले, कोणीतरी जांभया देतंय.

"मार्केस आला का?" लिब्रादो विचारतो.

"येतोय, मास्तर. नळापाशी आहे. मुंगीसुद्धा पुढे गेली त्याच्या."

"येऊ दे."

माझे खूर त्याच्या शेजारी वाजले, की मगच तो तोंड उघडतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याबरोबर चालणारं कोणी म्हातारं वळणामागे राहिलं, तर हाका मारून त्याला पळवू नका. गोष्ट तेवढी जरा उशिरा सुरू करा.