होली वॉटरवर ब्लीचिंग

त्या रविवारी उत्तनच्या धक्क्यावर नुसता जल्लोष होता! मॅन्युएलची बोट नवी रंगवलेली, पुढच्या क्रूसाला झेंडूचा हार, आणि सकाळीच फादरनी होली वॉटर शिंपडून आशीर्वाद दिलेला. मासेमारीची बंदी संपली होती, दुपारच्या भरतीला बोट सुटणार होती. मॅन्युएलची दहावीतली लेक लिनेट तर अशी मिरवत होती, जणू सुकाणू तीच धरणार!

एकच गोष्ट तिला खुपत होती. खलाशी सदूला रात्रीपासून जुलाब-उलट्या लागल्या होत्या आणि पप्पांनी त्याला केबिनमध्येच लपवलं होतं.

"कोनाला बोलायचा न्हाय," आजीनं, बर्नडेटनं बजावलं होतं. आशीर्वाद घेतलेली बोट त्याच दिवशी सुटली नाही, तर वर्षभर जाळं रिकामं येतं, असं तिचं ठाम मत.

लिनेटनं फोन करून सांगितलं ते फक्त अनुष्काला. अनुष्का शहरातल्या बेव्हर्ली पार्कमध्ये राहणारी, बालवाडीपासूनची जीव की प्राण. तिची आई आरोग्य अधिकारी.

"औषध काय देऊ, एवढंच गुगल करून सांग. आईला कळता कामा नये हां."

"गॉड प्रॉमिस, यार!"

थोड्याच वेळात धक्क्यावर पांढरी गाडी आली. पाठीवर पंप घेतलेली माणसं उतरली, अनुष्काची आई उतरली आणि मागोमाग अनुष्का. तिनं हात लांब करून दाखवलं, "मम्मी, ती निळी!"

सदूला अँब्युलन्समध्ये घातलं. बर्फ फेकला, प्यायच्या पाण्याचं पिंप उलटं केलं.

"ओ मॅडम, होडी हाय माझी, इमान न्हाय!" मॅन्युएल ओरडला.

"विमान असतं तरी थांबवलं असतं, काका. साथीचा संशय आला की आत शिरून फवारायचा अधिकार आहे मला."

ब्लीचिंगचा फवारा थेट क्रूसावर बसला. "फादरचा पानी धुतला गो!" आजीनं कपाळ बडवून घेतलं.

"कोनी सांगितला?" मॅन्युएल गरजला.

लिनेटनं अनुष्काकडे पाहिलं. ती पुढे होऊन कबूल करेल, निदान गप्प तरी बसेल...

"अंकल, लिनेटनंच फोन केला. तीच म्हणाली, बोट थांबवा."

"खोटं! अनु, खोटं बोलतेस तू!"

अनुष्का आईच्या मागे सरकली आणि मोबाईलमध्ये बघत राहिली. एवढी सख्खी मैत्रीण, पण मान वर करायला तयार नाही!

"पप्पा, शप्पथ. मी थांबवायला नव्हतं सांगितलं. औषध विचारलं फक्त."

मॅन्युएलनं उलटं पडलेलं पिंप सरळ केलं. मग हळू आवाजात म्हणाला, "पन सांगितलास ना?"

आणि तो केबिन धुवायला आत गेला. भरती चढली होती. शेजारच्या बोटी हॉर्न वाजवत एकेक करून सुटत होत्या, आणि त्यांच्यावरची माणसं लिनेटला हात करत होती.