अकरा मिनिटांची कडी

मी एक जुनी कडी आहे. पितळेची, बोटभर लांब, आडवी सरकणारी. मित्रांनो, तुम्ही मला रोज हात लावता आणि रोज विसरता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दाराच्या चौकटीवर माझा कोयंडा बसवलेला असतो. मी त्यात शिरते, खट् असा आवाज होतो आणि आतल्या माणसाला कळतं की आता थोडा वेळ कोणी येणार नाही. एवढंच माझं काम.

मला चार स्क्रूंनी दाराला बसवलं होतं. माझी गोष्टही त्यांच्याच क्रमाने सांगते. चौथा हरवला आहे, तेव्हा शेवटी ती थोडी सैल लागेल.

पहिला स्क्रू

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. सळईतून कापलं, घासलं, पुसलं आणि डझनाच्या खोक्यात घातलं. खरा जन्म झाला तो सुतारकाकांच्या हातात. त्यांनी मला दाराला लावून बघितलं आणि मागे उभ्या असलेल्या बाबांना विचारलं, "पोरीचा हात पोचेल अशी लावू, का मोठ्यांच्या सोयीने?"

"तिच्याच सोयीने," बाबा म्हणाले. "खोली तिची आहे."

ती तेव्हा दुसरीत होती. म्हणून मी दारावर जरा खालीच बसले. तिची धाकटी बहीण, छोटी, बोलायला लागली तशी तिला ताई म्हणायला लागली, आणि ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली.

बाबा घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपून आणायचे. आई हॉलमध्ये मशीनवर कपडे शिवायची. महिन्यातून एकदा मशीनच्या तेलाचा एक थेंब ती मला घालायची आणि म्हणायची, "बघ, कशी लोण्यासारखी सरकते." ताई दिवसातून वीस वेळा मला लावायची आणि काढायची. आत बाहुल्यांची शाळा भरायची. त्या शाळेत सगळे पास व्हायचे.

दुसरा स्क्रू

ताई दहावीत गेली. उंची वाढली, आता मला लावायला तिला वाकावं लागायचं. बाहुल्या माळ्यावर गेल्या. भिंतीवर वेळापत्रक आलं, त्यात झोपेचा रकाना सगळ्यात अरुंद होता.

शाळेतून आली की ती मला लावायची आणि दाराला पाठ टेकून खाली बसायची. तिचं डोकं बरोबर माझ्याखाली यायचं. टेबलावरच्या घड्याळाने अकरा मिनिटं. कधी रडायची, कधी नुसता श्वास मोजायची. मग उठायची, तोंड पुसायची, मला काढायची आणि अभ्यासाला बसायची. या अकरा मिनिटांवर तिचा पुढचा सगळा दिवस उभा होता, हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यातच ती एक वाक्य तयार करत होती. बाबांना सांगायचं वाक्य.

पहिल्या दिवशी ते फार लांब होतं. "बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू का, म्हणजे तसं विशेष काही नाही, मी अभ्यास करतेच आहे, पण म्हणजे..." इथे ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दुसऱ्या दिवशी 'रागावणार नसाल तर' गळालं. चार दिवसांनी 'विशेष काही नाही' गेलं. रोज एखादा शब्द कमी व्हायचा आणि आवाज थोडा सरळ व्हायचा. मित्रांनो, मी धातूची आहे, पण त्या वाक्याकडे माझे कान लागलेले असायचे.

सहामाहीत गणितात ऐंशीपैकी एकोणतीस आले. त्या दिवशी बाबांनी गुणपत्रिका वाचली. मीटर वाचावा तशी. आकडा बघितला, मागच्या वेळचा आठवला, मनातल्या मनात वजाबाकी केली. खाली सही केली.

तीन दिवसांनी, मंगळवारी, ताईचं वाक्य पूर्ण झालं. डोकं माझ्याखाली टेकवून तिने ते एकदाच म्हटलं. अडखळली नाही.

"बाबा, मला भीती वाटते. माझ्याजवळ बसा."

मग ती स्वतःशीच म्हणाली, "आज जेवणानंतर."

तिसरा स्क्रू

त्याच मंगळवारी जेवायला मामा आले होते. हसरा माणूस. त्यांच्या पोटात पाप नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

"दार लावून बसते रोज?" ते म्हणाले. "काय गं, आत मोर्चाची तयारी चाललीय का?"

छोटी हसली. ताईही हसली, कारण हसायचं असतं.

"थोडा वेळच लावते," आई म्हणाली.

"थोडा वेळ करता करता वर्ष जातं. आत पोरं काय करतात, तुला मला काय कळणार? मी तर सरळ कडीच उपटून टाकली. आमच्या चिरंजीवांचे पंधरा टक्के वाढले."

"तसं नसतं रे," आई म्हणाली. पण पंधरा टक्के हा आकडा होता, आणि बाबांना आकडे कळायचे.

जेवण झालं. ताई बाबांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. तिने श्वास घेतला.

"बाबा..."

"थांब हं, बेटा, एक मिनिट," असं म्हणत बाबा उठले. कामाच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्याकडे आले.

एक, दोन, तीन. चौथा स्क्रू गंजला होता, तो जोर लावून काढताना उडाला आणि कपाटाखाली गेला. बाबांनी मला तळहातावर घेतलं. हात गरम होता.

"तुझ्या चांगल्यासाठीच आहे हे," ते म्हणाले. "आता बोल, काय म्हणत होतीस?"

ताई माझ्याकडे बघत होती.

"काही नाही," ती म्हणाली.

चौथा स्क्रू

मला शिवणमशीनच्या खणात टाकलं. शेजारी रिळं, मोडकी कात्री, कुठल्या कुलपाची ते कोणाला न आठवणारी किल्ली. खणातून दिसत नाही, फक्त ऐकू येतं. म्हणून पुढचं सगळं ऐकीव आहे.

दार आता सताड उघडं. आईचं मशीन मधेच थांबायचं, तेव्हा घरात सगळ्यांना कळायचं की ती कानोसा घेते आहे. मग खोलीतून पान उलटल्याचा आवाज यायचा. मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

एकदा छोटी म्हणाली, "आई, ताई वाचत नाहीये. नुसतीच पानं उलटते. पुढे नेते, परत मागे आणते."

"चहाडी करू नकोस. तू तुझं बघ."

"चहाडी नाही गं. खरंच."

"छोटे, पुरे."

घरात तेवढी एकच व्यक्ती खरं बोलली होती, आणि तिला गप्प बसवलं गेलं.

ताईच्या रडण्याचा आवाज पुन्हा कधी आला नाही. आई बाबांना म्हणालीसुद्धा, "सावरली हो पोर." रडायला जागा उरली नव्हती, हे मी खणातून कसं सांगणार?

बोर्डाची परीक्षा आली. गणिताच्या पेपराला ताई तीन तास जागेवर बसली. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक घातला आणि घंटा झाल्यावर ती बाईंच्या हातात दिली. आत एक अक्षर नव्हतं. घरी येऊन तिने बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शाळेतल्या समुपदेशक बाई घरी आल्या. पुष्कळ वेळ तिच्या उशाशी बसल्या. जाताना हॉलमध्ये बाबांना म्हणाल्या, "ती बोलत नाही. तुम्हाला कधी काही सांगायचा प्रयत्न केला होता का तिने?"

बाबांची पावलं शिवणमशीनपाशी आली. मग खण उघडला. त्यांची बोटं रिळांमध्ये मला शोधत होती.

बाबांनी मला पुन्हा बसवलं. जुनी भोकं सैल झाली होती, त्यांत काड्या ठोकून तीन स्क्रू पिळले. चौथा मिळेना. कपाटाखाली गुडघे टेकून त्यांनी तासभर शोधला. मग दुसराच लावला, काळा, माझ्या मापाचा नसलेला. आईने तेलाचे इतके थेंब घातले की ते दारावरून ओघळले.

आज याला चार महिने झाले. मी लोण्यासारखी सरकते, पण मला कोणी सरकवत नाही. ताई भिंतीकडे बघत असते. डॉक्टरांचं औषध चालू आहे. ते म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याजवळही असं एखादं वाक्य असेल. ते घासूनपुसून लखलखीत होण्याची वाट बघू नका. पहिल्या दिवशीचं, अडखळणारं, 'म्हणजे, म्हणजे' करणारंच सांगून टाका. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. ताईचं वाक्य आता माझ्याशिवाय कोणाजवळ नाही, आणि मला आवाज आहे तो फक्त खट्.

आणि घरातल्या मोठ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, कडी काढायच्या आधी दार वाजवून बघा.

रोज संध्याकाळी बाबा कामावरून येतात. पिशवी ठेवतात, ताईच्या खोलीचं दार बाहेरून हळूच ओढून घेतात आणि तिथेच उभे राहतात. आतून आवाज येईल म्हणून. अकरा मिनिटं नाही, त्याहून कितीतरी जास्त वेळ. मधे लाकूड आहे, तरी त्यांचा श्वास मला जाणवतो.

"कडी लाव ना गं," ते दाराशी तोंड नेऊन म्हणतात. "बेटा, लाव ना."