रांगेच्या टोकाला

शनिवारी सकाळी सातलाच आमचं अर्धं विराबीन गाव रिकाम्या बाटल्या घेऊन माझ्या दुकानापुढे उभं. मी पाणी विकत नाही, पेपर विकतो. पण आमच्या साप्ताहिकात टेकडीमागच्या झऱ्यावर लेख आला होता आणि तिकडे निघालेल्या प्रत्येकाला त्याची प्रत हवी होती. त्या पाण्याने म्हणे साखर उतरते, आखडलेले गुडघे वळतात, टकलावर केस येतात. माझं डोकं पाहून दोघांनी मला बाटलीही देऊ केली.

हसण्यावारी नेलं असतं, पण माझा शेजारी मर्व्ह चार दिवस इन्सुलिन बंद करून पाणीच पीत होता. त्याला झऱ्यावरून बाटल्या मीच आणून दिल्या होत्या; इन्सुलिनचं कळल्यापासून मला धास्ती वाटत होती.

तेवढ्यात त्याला घेऊन त्याची मुलगी ब्रॉनविन आली. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवते, मुलांकडून असल्याच लेखांची चिरफाड करून घेते. तिने पेपर काउंटरवर पसरला आणि मर्व्हच्या हातात पेन्सिल दिली.

"बाबा, मोठ्याने वाच. पाण्याने गुण येतो याचा पुरावा दिसला की खाली रेघ मारायची."

"'शहरातल्या शहाण्या डॉक्टरांना आपल्यासारख्या कष्टाळू माणसांचं दुःख काय कळणार?'" मर्व्हने वाचलं. "खरंय की."

"यात पाण्याबद्दल काय कळलं?"

"डॉक्टर शहाणे आहेत."

"तुझी पाठ थोपटली, डॉक्टरांना टोला दिला. पाणी कुठंय? पुढे वाच."

"'आजीला ठाऊक होतं ते आज दडवलं जातंय, अशी कुजबुज आहे.'"

"कोण कुजबुजतंय?"

"नाव नाही दिलेलं," मर्व्ह पुटपुटला. लेख संपला, पेन्सिल टेकलीच नव्हती. पण गडी हटेना. "मग हा फोटो? 'आशेची रांग'. एवढी माणसं खुळी?"

फोटोत नुसत्या पाठी होत्या. ब्रॉनविनने एका पाठीवर बोट ठेवलं. तपकिरी स्वेटर, कोपराला हिरव्या लोकरीचं ठिगळ. मी मर्व्हच्या कोपराकडे पाहिलं. तेच ठिगळ.

"आईने लावलंय ते," ती म्हणाली. "बाबा, तू झऱ्यावर रांगेत होतास?"

"नाही बुवा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या बाटल्या तूच आणल्यास ना?"

मी पेपर विकतो, वाचत नाही, हा माझा गुन्हा. फोटो नीट पाहिला आणि ओशाळलो. ही गेल्या शनिवारची, फुटबॉल मैदानावरची रांग. डावीकडचा क्लबचा खाण्याचा स्टॉल तेवढा कापला होता.

"मर्व्ह, या रांगेच्या टोकाला पाणी नव्हतं," मी म्हणालो. "मी होतो. सॉसेज भाजत."

मर्व्हने पेपर डोळ्यांजवळ नेऊन फोटोतली स्वतःची पाठ पाहिली.

"आणि माझा नंबर आला तेव्हा सॉसेज संपले होते," तो म्हणाला. मग मुलीला म्हणाला, "चल घरी. इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे."

तेव्हापासून माझ्या काउंटरवर दोरीने पेन्सिल बांधलेली आहे. लेख तुमची पाठ थोपटतोय की पुरावा देतोय ते बघा, आणि फोटोतून काय कापलंय ते विचारा. एवढं करा, मग प्यायचं ते प्या.