शेवटून वाचणारी

थोरलीला इतिहासात पीएचडी मिळाली तेव्हा तिच्या आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं. त्याला आता आठ महिने झाले होते, आणि "मग, लागली का कुठे?" असं कोणी विचारेल म्हणून तीच आई मागच्या रस्त्याने बाजारात जायला लागली होती.

अकरा कॉलेजांत मुलाखती झाल्या. अकराही ठिकाणी "कळवतो" म्हणाले, आणि कळवलं एकानेही नाही. गाइड सर म्हणत, "धीर धर, जागा निघेल." अहो, निघेल म्हणजे कधी? सांगायला सरांचं काय जातंय, ते स्वतः पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत ठाण मांडून बसलेले!

शेवटी धाकट्या भावाने एक जाहिरात तिच्यापुढे धरली. एका मोठ्या इस्पितळाला रुग्णांचे तक्रारअर्ज वाचायला माणूस हवा होता. "ताई, पाच वर्षं मेलेल्या माणसांचे अर्ज वाचलेस. आता जिवंतांचे वाच की!" दोनशे वर्षांपूर्वी लोकांनी दरबारात केलेल्या अर्जांवर तिचा प्रबंध होता, म्हणून हा टोमणा. थोरलीला तो लागला, पण तिने अर्ज केला. इस्पितळाने आठवडाभराच्या बोलीवर बोलावलं. शुक्रवारपर्यंत जमलं तर नोकरी, नाहीतर नारळ. आणि इथेही नारळ मिळाला, तर ती पाच वर्षं पाण्यात गेली असं तिला स्वतःशीच कबूल करावं लागणार होतं. खरी धाकधूक त्याचीच होती.

तक्रार विभाग मॅट्रनबाईंच्या ताब्यात होता. तीस वर्षं वॉर्डांत काढलेली बाई, एक शब्द जास्त बोलायची नाही. तिने सोमवारी चौऱ्याऐंशी अर्जांचा गठ्ठा थोरलीपुढे ठेवला.

"सगळे सोनोग्राफीचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, खिडकीवरची मुलगी उद्धट आहे. दोनदा मुलगी बदलली. तक्रारी तेवढ्याच. का, ते सांगा."

थोरली अर्ज शेवटून वाचायची. ही तिची जुनी खोड. अर्ज करणारा आधी रीतभात सांभाळतो, मग चारचौघांत सांगण्याजोगं गाऱ्हाणं मांडतो, आणि ज्याची लाज वाटते ते सहीच्या आसपास, जाता जाता उरकून टाकतो. दोनशे वर्षांपूर्वीचे लोक असंच करत आणि इथलेही तेच करत होते. एकाने सहीच्या वर लिहिलं होतं, "संडास वरच्या मजल्यावर आहे." एकीने लिहिलं होतं, "सातपासून पाणी पिऊन बसले होते." आणखी एकीचं होतं, "दोन मिनिटं उठले तर नंबर गेला."

बुधवारी दुपारी थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडला. पोटाच्या सोनोग्राफीला लघवी तुंबलेली लागते. घरून भरपूर पाणी पिऊन या, असं चिठ्ठीत लिहिलेलं, आणि इथे दोन-दोन तास ताटकळायचं. न राहवून कोणी उठलं की नंबर गेला. मग पुन्हा पाणी प्या, पुन्हा बसा. आता हे कागदावर लिहिणार कोण? मग सगळा राग खिडकीवरच्या मुलीवर निघायचा.

एवढं सापडल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? धावत जाऊन सांगितलं असतं. आमची थोरली लिहीत बसली! शुक्रवारी तिने मॅट्रनबाईंपुढे एकोणीस पानं ठेवली, वर बावन्न तळटीपा. त्यातली पहिली सहा पानं तर अर्जलेखनाच्या परंपरेवरच होती.

बाईंनी पानं चाळली. "छान आहे. पण सोमवारी सकाळी मी काय करू?"

"म्हणजे... एक शक्यता अशी दिसते... अर्थात, इतक्यात ठाम विधान करणं घाईचं ठरेल, अधिक अभ्यासाची गरज..."

बाईंनी फाइल मिटली. "बरं. कळवते."

तो शब्द ऐकला मात्र, थोरलीचं टाळकंच सटकलं. दारापर्यंत गेलेली ती गर्रकन वळली.

"कळवू नका! लोकांना घरून पाणी पिऊन यायला सांगू नका. पुढे चार नंबर उरले की इथेच प्यायला द्या. आणि उठलेल्या माणसाचा नंबर कापू नका. चौऱ्याऐंशीतल्या एकसष्ट अर्जांत हेच आहे. त्या मुली बिचाऱ्या फुकट बदनाम झाल्या!"

"मग हे आधी का नाही बोललात?"

"ठाम बोलायची सवयच गेली हो," थोरली म्हणाली.

बाई उठल्या. "चला खाली."

सोनोग्राफीच्या बाहेरचे बाक गच्च भरले होते. एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती, कपाळावर घाम.

"काय त्रास होतोय, मावशी?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. ती खिडकीवरची धड बोलत नाही."

बाईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरली पुढे झाली आणि म्हातारीच्या कानाशी वाकली. "मावशी, किती वेळ दाबून धरलंय?"

म्हातारीचा चेहरा एकदम उतरला. "नऊपासून गं पोरी. आता जीव जाईल माझा."

बाईंनी स्वतः तिला हाताला धरून आत नेलं. रांगेतल्या कोणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांचीच तीच गत, बोलणार कोण?

पंधरा मिनिटांनी तपासणी उरकून, डॉक्टरांच्या संडासात मोकळी होऊन मावशी बाहेर आली ती माणसात येऊनच. तिने थोरलीचा हात धरला.

"तुला गं कसं कळलं? नर्स आहेस का?"

"नाही मावशी, मी इतिहास शिकलेय."

"इतिहास? बरं बाई. जे काय शिकलीस ते चांगलं शिकलीस. इथेच असतेस ना?"

थोरलीने मॅट्रनबाईंकडे पाहिलं.

"सोमवारपासून," बाई म्हणाल्या.

थोरलीला रडू आलं, आणि त्या भरल्या व्हरांड्यात तिने ते खुशाल येऊ दिलं.