झाकणाच्या आतली तारीख

घड्याळजींना आपल्या दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे, दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत ते सुईने बारीकशी तारीख कोरत. चाळीस वर्षांत त्यात कधी खंड पडला नव्हता. आणि दुसरी, समोरच्या शिंपीणबाईंना दिलेला शब्द.

शिलाई मशीन घ्यायला बाईंनी त्यांच्याकडून चोवीस हजार घेतले होते, बिनव्याजी, वचनचिठ्ठीवर सही करून. दरमहा हजार याप्रमाणे अठरा महिने बाईंनी एकही हप्ता चुकवला नाही. मग त्यांची मुलगी नर्स झाली. त्या दिवशी भरल्या घरात घड्याळजी उभे राहिले आणि म्हणाले, "उरलेले सहा हजार सोडून दिले, बाई! पोरीला माझ्याकडून भेट!" टाळ्या पडल्या. पुढचे आठ दिवस घड्याळजींचे पाय जमिनीवर नव्हते. चिठ्ठी मात्र खणात, जुन्या स्प्रिंगांच्या डब्याखाली, जशीच्या तशी पडून राहिली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. परवा सकाळी शिंपीणबाई दुकानात आल्या आणि काउंटरवर एक पाकीट ठेवलं.

"हे अकरा हजार. दुसऱ्या मशीनसाठी साठवले होते. बाकीचे हळूहळू देईन."

"कसले बाकीचे?"

"तुमच्या मुलाने मागितले. पुरते चोवीस हजार. चिठ्ठी दाखवली, सही माझीच आहे. मी काय बोलणार?"

मुलगा गेल्याच महिन्यात परगावची नोकरी सोडून दुकान सांभाळायला आला होता. तो चिठ्ठी हातात घेऊन मागच्या टेबलावरून उठला. "बाबा, खण आवरताना सापडली. एक पैसा परत आल्याचं त्यावर लिहिलेलं नाही. मला वाटलं, तुम्ही भिडेखातर गप्प बसलात."

घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, शब्द दिला होता मी! गल्लीत कुणालाही विचार!"

त्यांची सून एका वकिलांच्या कचेरीत काम करायची. कामावर निघता निघता ती डबा द्यायला दुकानात आली होती. तिने पिशवी खाली ठेवली.

"बाबा, याने आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते चुकलंच. पण उद्या तुम्ही नसलात, तर हा कुणाला विचारणार होता? बाईंनी काय टाळ्या पुरावा म्हणून दाखवायच्या? झाकणाच्या आत, जिथे कुणी बघत नाही, तिथे तुम्ही तारीख कोरता. आणि हा कागद कोरा ठेवलात!"

घाव वर्मी बसला. घड्याळजींनी मुलाच्या हातातून चिठ्ठी हिसकावून घेतली. "मग आत्ताच फाडतो! मिटला प्रश्न!"

"फाडू नका!" शिंपीणबाई ओरडल्याच. "फाडलीत तर माझे अठरा हप्ते कुठे राहतील? लोक म्हणतील, घड्याळजींनी बाईचं सगळं कर्ज दयेने सोडलं. गणवेश शिवून, पडदे शिवून अठरा हजार फेडलेत मी. ते आधी लिहा. मग तुमची भेट लिहा."

दोन वर्षं आपला मोठेपणा सांगत फिरलो, त्यात बाईंचे अठरा हप्ते एकदाही आले नाहीत, हे घड्याळजींना तेव्हा कळलं. ते मनातून वरमले.

"सूनबाई, कसं लिहायचं ते सांग."

"मूळ चिठ्ठीवरच लिहा. अठरा हजार मिळाले, उरलेले सहा हजार मी माझ्या खुशीने सोडले, यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा काही हक्क नाही. मग चिठ्ठीवर आडवं 'रद्द' लिहा, सही करा, तारीख घाला."

घड्याळजी दोन वर्षांपूर्वीची तारीख घालू लागले. सुनेने हात धरला. "भेट केव्हा दिलीत ते मजकुरात लिहा. सहीखाली तारीख आजचीच. खरं काम आहे, त्याला खोटी तारीख कशाला?"

मुलाने साक्षीदार म्हणून सही केली आणि मान खाली घालून म्हणाला, "मावशी, चुकलो."

"आता हा मूळ कागद बाईंच्या हातात द्या," सून म्हणाली. "आपल्याकडे त्याची प्रत राहू दे."

बाईंनी कागद दोनदा वाचला. 'अठरा हजार मिळाले' या ओळीवर त्यांचं बोट जरा थांबलं. मग त्यांनी पाकीट उचललं. "चला, मशीनवाल्याकडे जाते." दुकानाची पायरी त्या ताठ मानेने उतरल्या, आणि त्यांच्याकडे बघताना घड्याळजींचा ऊर भरून आला. हा अभिमान वेगळाच होता. तो बाईंचा होता!

वाचकहो, तुम्हीही कुणाचं देणं उदार मनाने सोडलं असेल, तर ते कागदावरूनही सोडा. जे फेडलं गेलं ते मानाने लिहा, जे सोडलं ते स्पष्ट लिहा, आणि चिठ्ठी ज्याची त्याला परत द्या. नाहीतर तुमची माफी तुमच्या माघारी त्या माणसाच्या मानेवर बसेल.

घड्याळजींनी मात्र तेवढ्यावर थांबायचं नाकारलं. त्यांनी खणातला स्प्रिंगांचा डबा उचलला. खाली अशाच तोंडी सोडलेल्या कर्जांच्या आणखी दोन चिठ्ठ्या होत्या.

"लाव रे फोन दोघांना," ते मुलाला म्हणाले. "आणि ते पेन इकडे दे."