आपटलेल्या बाटल्या

मुलीने लिफाफ्याच्या कडेवरून कात्री फिरवली आणि आतला कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. मघाशीच पुसला होता.

"वाच," ते म्हणाले. "माझी काळजी करू नकोस."

सकाळी उठल्याउठल्या शिंकणारे चाळीस रोगी. वीस जणांना डॉक्टरांच्या होमिओपॅथीच्या गोळ्या, वीस जणांना नुसत्या साखरेच्या. वासावरून कळू नये म्हणून त्याही स्पिरिटने ओल्या केलेल्या. कोणत्या क्रमांकाच्या बाटलीत काय, हे फक्त मुलीला ठाऊक, आणि ती तीन महिने दवाखान्यात फिरकलीही नव्हती. बापलेकींची बोली साधी होती. फरक दिसला, तर ती दूरच्या शहरातली नुकतीच मिळालेली प्रयोगशाळेची नोकरी नाकारून दवाखाना सांभाळणार. नाही दिसला, तर सोमवारी तिकडे हजर होणार.

"औषधवाले बरे झाले बारा. साखरवाले तेरा."

"एकाने काय होतंय," आई दारातून म्हणाली.

"काहीच होत नाही, आई. म्हणजे फरकच नाही."

"आणि माझे अंदाज?" डॉक्टरांनी विचारले. कुणाला खरे औषध मिळाले ते चेहऱ्यावरून ओळखीन, असे म्हणून त्यांनी चाळीसही नावांपुढे खुणा केल्या होत्या.

"एकोणीस बरोबर."

"नाणं उडवलं असतं तर?"

"साधारण वीस."

डॉक्टर हसले, पण जरा उशिरा.

आई चहाचा ट्रे ठेवता ठेवता थबकली. "अहो, पण तुम्ही तर सगळ्याच बाटल्या आपटल्यात."

औषधाची शक्ती वाढावी म्हणून बाटली दहा वेळा जाड पुस्तकावर आपटायची, ही या विद्येची रीत. तीस वर्षांत ती डॉक्टरांच्या हातात अशी मुरली होती, की चाळीसही बाटल्या त्यांनी आपटूनच रोग्यांच्या हाती दिल्या होत्या. त्यांना ते जाणवलेही नव्हते आणि मुलीच्या नियमांत त्याचा उल्लेखही नव्हता.

"म्हणजे साध्या गोळ्यांतही काहीतरी उतरलंच असणार," आई म्हणाली. "पुन्हा करायला हवं. अजून तीन महिने लागतील, नाही का गं?" आणि बोलता बोलता तिने टेबलावरचे मुलीच्या नोकरीचे पत्र ट्रेखाली सरकवले.

मुलगी वडिलांकडे बघत राहिली. आता त्यांनी नुसती मान डोलावली असती, तरी तिचे सोमवारचे जाणे राहिले असते.

"साखरेचा डबा तू रोज ओट्यावर आपटतेस," डॉक्टर बायकोला म्हणाले. "तीस वर्षं ती साखर चहात पितोय. माझ्या शिंका थांबल्या?"

त्यांनी पेन उघडले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : सर्व बाटल्या आपटल्या. फरक नाही. मग पेन तसेच धरून कागदाकडे बघत बसले.

"न आपटता दिल्या असत्या तर, हे मात्र बघायला हवं."

"मी तेच म्हणतेय," आई म्हणाली.

"मी बघीन. ही रविवारच्या गाडीने जाईल." त्यांनी ट्रेखालून पत्र काढून मुलीपुढे ठेवले. "जाण्याआधी तेवढ्या बाटल्या भरून दे. कोणत्या बाटलीत काय, ती यादी बरोबर घेऊन जा."

"यादी कशाला न्यायची तिने?" आईने विचारले. "घरात ठेवली तर काय बिघडलं? तुमच्यावर भरवसा नाही का तिचा?"

"तिचा आहे," डॉक्टर म्हणाले. "माझा नाही."

आणि ते क्रमांकाच्या चिठ्ठ्या कापायला बसले.