मंगळवारचं वारं

पवनचक्कीच्या कंपनीचा साहेब पहिल्यांदा गावात आला, तेव्हा त्यानं पारावर बसलेल्या धोंडीबाला साधाच प्रश्न विचारला. "बाबा, तुमच्या गावात वारं कधी येतं?"

"मंगळवारी," धोंडीबा म्हणाला. "आरतीच्या टायमाला."

साहेब चमकला. "दर मंगळवारी?"

"व्हय. आवसंला जरा जोरात."

"कुठल्या बाजूनं?"

"बाजूबिजू न्हाय. कमलबाईच्या अंगात येतं. आदी मान हालती, मग केस सुटतात."

साहेबाचा ड्रायव्हर जवळच्याच बेंबळी गावचा होता. तो तोंड फिरवून पोटभर हसला.

आमच्याकडं वारं दोन. एक रानातलं, एक देवीचं. शब्द एकच, कारण स्वभाव एकच. जात्यावर बसायच्या दिवसांपासून कमलबाई गुणगुणायची:

*सुटलं सुटलं वारं, त्याला न्हाई घर-दार,*
*बोलावल्या येईना, आलं तर अंगावर.*

माळावरच्या लक्ष्मीआईपुढं एक सागवानी पाट होता. मंगळवारी कमलबाई त्यावर बसली, की भलीभली माणसं 'आई, आई' करत वाकायची. बुधवारी तीच माणसं बांधावरनं ओरडायची, "ए कमळे, खुरपायला येतीस का?" कमलबाईची काही तक्रार नव्हती. आठवड्यातला एक दिवस आई व्हायला मिळतं, हे काय थोडं झालं? बाकी तिच्याजवळ जपण्यासारखं होतं ते एकच. वारं आल्यावर जे तोंडातून निघे, त्यात तिनं स्वतःचा शब्द कधी मिसळला नव्हता. पोटच्या पोरीची सोयरीक अडली होती, तेव्हासुद्धा नाही.

साहेबानं शेवटी दिग्विजय नावाच्या शेतकऱ्याच्या माळरानात, महिन्याचं भाडं ठरवून, एक उंच खांब रोवला. टोकाला तीन वाट्या. वाऱ्यानं त्या गरगर फिरायच्या. किती फिरल्या त्यावरून वाऱ्याचा वेग कळायचा. पवनचक्की बसवायची की नाही, ते पुढचं पुढं.

आता हा खांब गावचे पुढारी अमरसिंहराव यांच्या रानात बसला असता, तर विज्ञानाची मोठी सोय झाली असती. तो शेजारच्या रानात बसला, म्हणून अमरसिंहरावांना शोध लागला, की ह्या वाट्या ढग पळवतात. पाऊस आधीच ओढ देऊन बसला होता. ढग यायचे, गाव बघायचे, पसंत न पडल्यासारखे पुढं जायचे. त्यामुळं शोधाला पुरावा रोज डोक्यावरून जात होता. अमरसिंहरावांना वाऱ्यातलं कळतच होतं म्हणा. इतक्या निवडणुका झाल्या, वारं फिरायच्या आदल्या दिवशी त्यांची टोपी फिरलेली असायची.

ते कमलबाईच्या दारात आले आणि म्हणाले, "आई, हायसा का घरात?"

वार शुक्रवार होता. शुक्रवारी 'आई' ऐकल्यावर कमलबाईनं बोटावर वार परत मोजून बघितला.

"मंगळवारी वारं आलं, की एवढंच म्हणायचं," अमरसिंहराव खाटेवर टेकत म्हणाले. "खांबानं ढग पळवले, खांब उपटा. लई न्हाय, दोन बोल."

"वारं काय म्हनंल ते मला कसं म्हाईत आसंल, मालक?"

"ते म्या सांगतोय की!"

"आवो, पन देवीचं वारं..."

"देवी गावचीच हाय ना? मग गावाचं ऐकंल. आन् त्यो पाट आमच्या आजोबानं दिलेला हाय. ध्यानात असू द्या."

ते गेल्यावर कमलबाई भाकरी थापायला बसली. थाप वाकडीतिकडी पडत होती. नात हर्षाली धाराशिवच्या कॉलेजात शास्त्र शिकते. सुट्टीला आली होती. ती चुलीजवळ सरकली.

"आज्जे, धूर कुठं चाललाय?"

"वर. अजून कुठं जाईल?"

"आन् पायाला गार काय लागतंय?"

"दारातनं झुळूक येतीया."

"तेच वारं. तापलेली हवा हलकी होऊन वर जाती, तिची जागा रिकामी पडती, तिथला दाब कमी होतो. मग जास्त दाबाकडची गार हवा तिकडं धावती. पृथ्वीच्या मधल्या रेघेवर, विषुववृत्तावर, सूर्याची चूल बारा महिने पेटलेली. तिथली हवा वर चढती, उत्तर-दक्षिणेला लांब जाऊन गार होऊन उतरती, आन् जमिनीजवळनं परत चुलीकडं येती."

"सरळ?"

"तीच तर गंमत. थाप तू भाकरी." परातीत भाकरी गरगर फिरायला लागली, तसं हर्षालीनं मधोमध बोट टेकवलं आणि सरळ कडेकडं ओढलं. पिठावर रेघ उठली ती कोयत्यासारखी वाकडी. "बघ. बोट सरळ गेलं, पन खालची भाकरी फिरती. पृथ्वी बी अशीच फिरती. आन् उन्हाळ्यात ती चूल उत्तरेला, आपल्या तापलेल्या जमिनीकडं सरकती. म्हणून दक्षिणेच्या समुद्रावरनं निघालेलं पावसाचं वारं मधली रेघ ओलांडून वळतं, आन् नैऋत्येकडनं आपल्याकडं येतं. हजारो कोस. ते काय तीन वाट्यांना भिऊन पळंल?"

"भाकरी बिघडवलीस माजी," कमलबाई म्हणाली. पण ती त्या रेघेकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, "दाब आसंल तिथनं निघून जातं म्हनलीस?"

"हो. दाब जास्त तिथनं, दाब कमी तिथं."

मंगळवारी देऊळ गच्च भरलं. अमरसिंहराव पाटाच्या अगदी समोर मांडी घालून बसले. त्यांची माणसं उजवीकडं, डावीकडं आणि दारात. देवीलाही जायचं असतं तर विचारूनच जावं लागलं असतं. आरती झाली. संबळ वाजायला लागला. कमलबाई पाटावर डोळे मिटून बसली होती.

मान हलली नाही. संबळवाल्यानं चाल वाढवली. धूप घातला, परत घातला. केसाची गाठ जागची हलली नाही. संबळवाल्याचे हात भरून आले, तेव्हा कमलबाईनं डोळे उघडले.

"आज वारं न्हाय."

"न्हाय कसं?" अमरसिंहराव दात आवळून म्हणाले. "नीट बघा."

"दाब लई हाय, मालक."

"कसला दाब?"

"दाब कमी आसंल तिथं वारं येतं. दाब जास्त झाला की निघून जातं. आमच्या हर्शीला कालिजात शिकवलंय. आता तुमी शुक्रवारपासनं असं दाबून बसलाय, वारं येनार कुठनं?"

मग धोंडीबाला खोकला आला. तो खोकला नव्हता हे बायकांच्या लगेच लक्षात आलं, आणि मग हसू आवरेना.

तापलेली हवा वर उठते. अमरसिंहराव उठले. त्यांच्या मागोमाग त्यांची माणसं उठली, दार मोकळं झालं आणि माळावरची गार झुळूक सरळ गाभाऱ्यापर्यंत आली. समईची ज्योत तेवढी वाकली.

पुढच्या मंगळवारी पाट जागेवर नव्हता. पॉलिशला नेलाय म्हणे. देवळातल्या पाटाला पॉलिश लागतं, हे गावाला नव्यानंच कळलं. कमलबाई रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिली. त्या पाटावर तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. घरी परत जावं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग तिनं खांद्यावरची घोंगडी काढली, फरशीवर अंथरली आणि बसली.

संबळ नीट घुमायच्या आत मान हलली. केस सुटले.

बायका वाकल्या. धोंडीबानं पावसाचं विचारलं. बाहेर दिग्विजयच्या रानात तीन वाट्या फिरत होत्या, आणि वरनं ढग चालले होते, आपल्या मर्जीनं.

सगळ्यांच्या मागं, पार दाराबाहेर चपलांपाशी, अमरसिंहराव हात जोडून उभे होते. कंपनी आणखी एक खांब बसवणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. तो आपल्या रानात बसंल का, एवढंच आईला विचारायचं होतं.